उरणपर्यंतची आच

जासई गेली, बोकडवीरा गेला, उरण आलं आणि मागे पडलं, तरी आनंदाचा हात भट्टीच्या तोंडात तसाच होता. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकत होता आणि भुवयांचे केस करपल्याचा वास त्याला येत होता. ओठांतल्या ओठांत त्याने करंज्याचं नाव घेतलं. करंज्याच्या पुढे गाव नाही, समुद्र आहे. तेव्हा कुठे त्याने हात बाहेर ओढला आणि उजेडात धरून पाहिला. करंगळीच्या बाजूची कातडी पांढरी होऊन वर उचलली होती. फोड येणार होता, पण दुखत काहीच नव्हतं.

त्याने सदऱ्याची बाही खाली ओढली आणि मागे वळून पाहिलं. पीठ मळणारे परातीपाशी गप्पा मारत होते. कुणाचं लक्ष नव्हतं.

ही गावांची भानगड आधी सांगायला हवी. पाव भाजायच्या विटांच्या भट्टीला आच दाखवणारा काटा नसतो. आत लाकडं पेटवायची, निखारे ओढून काढायचे, ओल्या गोणपाटाने तळ पुसायचा आणि मग आच किती आहे ते हात घालून ओळखायचं. हात किती वेळ ठेववतो त्यावर सगळा कारभार. तो वेळ मोजायला जो तो आपलं काहीतरी म्हणतो. आनंदाचा उस्ताद दुरूद म्हणायचा, पैगंबरांसाठीची दुआ. आनंदा भट्टीवर आला तेव्हा उस्तादाने त्याला विचारलं, तुला काय पाठ आहे? आनंदाचं लग्न नवीन, बायको वेणू करंज्याची आणि वरचेवर माहेरी पळणारी. त्यामुळे बिचाऱ्याला एकच गोष्ट पाठ होती, सासुरवाडीची वाट. उस्ताद पोट धरून हसला आणि म्हणाला, तेच म्हण.

तेव्हापासून आनंदा भट्टीत हात घालून चालू लागायचा. करंजाडे, वडघर, चिंचपाडा, गव्हाण, जासई, बोकडवीरा, उरण. चिंचपाड्याला हात भाजला की पाव लावायचा. गव्हाणला बिस्किटं, जासईला नानकटाई. उरणपर्यंत हात टिकला की आच केकची. आणि करंज्याच्या धक्क्यापर्यंत जाता आलं तर भट्टी गार, घरी जावं. इतकी वर्षं झाली, पण पनवेलात इब्राहीमभाई मुकादमांच्या बेकरीचा पाव कुणी कच्चा म्हणून परत आणला नव्हता.

आणि आता मंगळवारी केक कच्चा निघाला होता.

केक रूबेन मास्तरांच्या मुलीच्या लग्नाचा. मास्तर इस्रायली आळीतले ज्यू, शाळेत भूगोल शिकवायचे. मुलगा भायखळ्याचा. तिकडच्या माणसांनी बोलता बोलता विचारलं होतं, तुमच्या पनवेलात केक मिळतो का, की आम्हीच घेऊन येऊ? मास्तरांना ते लागलं. परातीएवढा एकच अखंड केक करून दाखवतो म्हणाले. तोही साधा नाही. लग्नाच्या पंगतीला मटण, आणि त्यांच्यात मटणाच्या जेवणात दूध-लोणी चालत नाही. म्हणजे केकला लोणी नाही, दूध नाही, सगळं नारळाच्या रसात. चवीला उत्तम, पण असं पीठ जड होतं, ओल धरून बसतं आणि मधे शिजायला कुरकुरतं. इब्राहीमभाईंनी सुचवून पाहिलं होतं की चार लहान केक करू आणि जोडू. मास्तर म्हणाले, जोडलेला मला नको. त्यांनी तांबटाकडून कल्हईचा मोठा डबा करून आणला, आणि मंगळवारी एक केक नुसता करून बघायचं ठरलं.

मंगळवारी आनंदाने हात घातला, उरणपर्यंत गेला, हात भाजला नाही, म्हणून डबा आत सरकवला. केक बाहेर आला तेव्हा वरून काळपट आणि फुगून फुटलेला होता. मास्तरांनी सुरी घातली. कडेला दगडासारखा लागला आणि मधून सुरीबरोबर पांढरं ओलं पीठ बाहेर आलं.

इब्राहीमभाई म्हणाले, ही नारळाच्या रसाची करामत आहे. मळणारे म्हणाले, अंडी नीट फेसली नाहीत.  मास्तर आनंदाकडे वळले.

"आनंदा, रविवारी लग्न आहे. शनिवारी आमच्यात विस्तवाचं काम करत नाहीत आणि करवूनही घेत नाहीत. शुक्रवारी दिवस बुडायच्या आत केक माझ्या घरी पाहिजे. होईल का?"

आनंदाने मान हलवली. भट्टी उरणची नव्हती, गव्हाणचीसुद्धा नव्हती, त्याहून कडक होती, हे त्या खोलीत त्याला एकट्याला कळलं होतं. केक खोटं बोलत नाही. पावाचं ठीक आहे. रोज तेवढीच लाकडं, रोज तीच वेळ, हात घातला काय नि न घातला काय, पाव होऊन जातो. म्हणून तर दिवाळीपासून त्याचं निभावलं होतं. एवढ्या मोठ्या केकला ते चालत नाही. आच जरा चढी असली की कडा आधी होऊन बसतात आणि मधलं तसंच राहतं.

दिवाळीच्या सुमारास त्याच्या मनगटावर एक डाग उठला होता, फिकट, रुपयाएवढा. खाज नाही, आग नाही. मग करंगळी बधिर झाली, मग तिच्या शेजारचं बोट. त्या रोगाचं नाव त्याने स्वतःशीसुद्धा घेतलं नव्हतं. आनंदाच्या गावात, करंजाड्यात, शिवा नावाच्या एकाला तो रोग झाला होता, आनंदा लहान असताना. गावाने त्याला गावाबाहेर, खाडीलगतच्या खारीच्या बांधावर खोपटं बांधून दिलं. आनंदाची आई बांधावर भाकरी ठेवायची आणि लांब उभी राहून हाक मारायची. शिवा चांगला ढोल वाजवायचा. पुढे त्याची बायको मुलांना घेऊन गेली, तेव्हा ती निघाल्याचं त्याला भाकरीच्या वेळी लोकांकडून कळलं.

आनंदाला सगळ्यात जास्त भय त्या बांधाचं होतं. दिवाळीपासून त्याने पिठाला हात लावला नव्हता. काहीतरी सबब सांगून तो फक्त लांब दांड्याच्या फळीने पाव आत-बाहेर करायचा. घरी आपलं ताट आपणच घासायचा. धाकटी शकू कडेवर येऊ लागली की पाठ दुखते म्हणायचा. पोर रुसून बसायची आणि हा तिच्याकडे न बघता बिडी ओढायचा. माणूस किती दिवस असा जगणार! पण भट्टी गेली की पगार जाणार, आणि भट्टी का गेली हे गावाला कळलं की सगळंच जाणार. म्हणून गुरुवारी सकाळी, पाव काढून झाल्यावर, त्याने स्वतःची परीक्षा घेतली होती. ती करंज्यापर्यंत गेली.

डावा हात होता. तोही त्याने घालून पाहिला. डाव्या हाताला आच कळत होती, पण त्या हाताला सवय नव्हती. तो चिंचपाड्यालाच घाबरून बाहेर यायचा. कधी जासईपर्यंत जायचा, कधी वडघरलाच परत फिरायचा. त्याच्या भरवशावर मास्तरांच्या मुलीचा केक सोडायचा कसा?

शुक्रवार उजाडला. पाव झाला, बिस्किटं झाली. मळणाऱ्यांनी नारळाच्या रसातलं पीठ फेसून डब्यात ओतलं. कडा लवकर होऊ नयेत म्हणून आनंदाने डब्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळायला लावलं, तळाशी रेतीचा थर दिला. एवढं झाल्यावर इब्राहीमभाई आणि मळणारे जुम्म्याच्या नमाजाला गेले. जाताना इब्राहीमभाईंनी सांगितलं, "तुझ्या हिशेबाने लाव. आज इज्जत तुझ्या हातात आहे." एवढं बोलून ते छत्री घेऊन निघाले.

भट्टी उतरत होती. ती उतरताना नेमक्या जागी पकडायची असते. लवकर घातला तर मंगळवारसारखं, उशीर झाला तर केक बसणार, आणि पुन्हा लाकडं घालायला वेळ नाही, कारण दिवस बुडायच्या आत तो पोचवायचा आहे. आनंदाने उजवा हात घातला, काढला. डावा घातला, काढला.  

"अवो, हात काडा भाईर."

वेणू भाकरी घेऊन आली होती. दुपारची भाकरी ती रोज मागच्या दाराशी ठेवून जायची, आत कधी यायची नाही. आज आत आली होती.

"आच बगतोय," आनंदा म्हणाला.

"तुमाला कलते?"

त्याने बाही खाली ओढली. वेणूने टोपली खाली ठेवली. तिला ठाऊक होतं. शिमग्याच्या आधी एका दुपारी तो झोपलेला असताना तिने त्या डागावर सुई टोचून पाहिली होती. रक्ताचा थेंब आला आणि नवरा घोरत राहिला. तेव्हापासून ती गप्प होती. तो लपवतो आहे, तर लपवू दे, त्याला तेवढाच आधार, असं तिला वाटलं होतं. हे सगळं तिने त्याला तिथे, भट्टीसमोर, हळू आवाजात सांगितलं. आनंदा खाली बसला. 

"केक र्‍हाऊ दे आता," तो म्हणाला. "सांगून टाकतो इब्राहीमभायला. जाईल ते जाईल."

"पोरीचं लगीन हाय मास्तरांच्या. आदी केक लावा. मंग सांगा काय सांगायचं ते." वेणूने पदर कमरेला खोचला आणि बांगड्या वर सारल्या. "मी बगते आच. वाट माज्या म्हायेरची हाय. मना काय नवी नाय."

तिने भट्टीत हात घातला आणि मोठ्याने म्हणायला लागली. करंजाडे, वडघर, चिंचपाडा, गव्हाण, जासई, बोकडवीरा, उरण. एका दमात उरणला पोचली, वर आणखी करंजा म्हणाली आणि हात बाहेर काढला.

"गार हाय. लावा."

आनंदा उठला. फळीवर डबा चढवला, भट्टीच्या तोंडापर्यंत नेला आणि थांबला. त्याच्या चेहऱ्यावर जी झळ येत होती ती काही करंज्याची नव्हती. मग त्याच्या ध्यानात आलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला हसू आलं.

"वेणू, तू म्हायेरी चाललीस."

"मंग?"

"म्हायेरला जाताना बायको पलत जाते. मी तुज्या मागून चालायचो. मना ठावं हाय तुजी चाल. तशी नको. परत येतीस तशी चाल."

"परत येताना गावं उलटी येतात," वेणू म्हणाली.

"नावं तीच घे. पाय परतीचे ठेव."

तिने पुन्हा हात घातला. या खेपेला ती हळू निघाली. करंजाडे म्हटल्यावर थांबली, जशी आईचा निरोप घेऊन निघालेली मुलगी मागे बघत थांबते. वडघर. चिंचपाडा. गव्हाण म्हणताना तिचे ओठ आवळले गेले. जासईला तिने झटकन हात ओढून घेतला आणि फुंकर मारली.

"बाय माजे. कडक हाय."

आनंदाने डबा मागे घेतला. दोघं भट्टीचं दार उघडं टाकून बसली. बाहेर उन्हं कलायला लागली होती. थोड्या वेळाने वेणूने पुन्हा हात घातला, बोकडवीऱ्याला काढला. पुन्हा थांबली. तिचा पंजा लाल झाला होता. आनंदाने राहू दे म्हटलं, दुसरा हात घाल म्हटलं. तिने ऐकलं नाही. हात बदलला तर चाल बदलेल, म्हणाली. ही अक्कल तिला कुणी शिकवली नव्हती आणि ती अगदी बरोबर होती.

मग ती उरणला पोचली. नेमकी उरणला. म्हणून झालं आणि हात बाहेर आला.

आनंदाने डबा आत सरकवला, दार लावलं आणि मागे वळला, तर दारात इब्राहीमभाई उभे होते. डोक्यावर टोपी तशीच, छत्री बगलेत. कधी आले होते देव जाणे. त्यांनी वेणूच्या लाल हाताकडे पाहिलं, मग आनंदाच्या ओढलेल्या बाहीकडे. माणूस व्यापारी होता, पण आंधळा नव्हता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दिवालीपास्न."

इब्राहीमभाईंनी मळणाऱ्यांना बाहेरच्या बाहेर चहा प्यायला पाठवून दिलं. स्वतः पिठाच्या पोत्यावर बसले.  नारळाचा वास हळूहळू सुटला, मग गोड झाला, मग त्यात भाजल्याचा वास येऊ लागला. आनंदा वासावरच लक्ष ठेवून होता. एकदा त्याने फळीने डबा तोंडाशी ओढला. वेणूने झाडूची स्वच्छ धुतलेली हीर केकच्या बरोबर मध्यावर खुपसून काढली. हिरेला पीठ चिकटलं होतं. डबा आत गेला. इब्राहीमभाई एकदा बाहेर जाऊन सूर्य कुठे आहे ते बघून आले. दुसऱ्यांदा हीर काढली तेव्हा वेणूने ती बोटांत फिरवली आणि आनंदासमोर धरली. कोरडी होती.

मास्तर दिवस बुडायच्या बेताला आले. वरून केक बदामी होता, कुठे फुटला नव्हता. त्यांनी पांढऱ्या कापडात बांधून तो दोन माणसांच्या डोक्यावर चढवला आणि स्वतः पुढे चालू लागले. आत कसा आहे ते मात्र रविवारी सुरी घातल्यावरच कळणार होतं. शनिवारचा दिवस आनंदाने कसा काढला ते त्यालाच ठाऊक.

रविवारी संध्याकाळी मास्तर लग्नाच्या कपड्यांत करंजाड्याला आनंदाच्या घरी चालत आले. बुटांना चिखल लागला होता. त्यांनी कागदात बांधलेला एक तुकडा काढून दिला. केकच्या मध्यातला होता तो, मुद्दाम राखून आणलेला. भायखळ्याच्या माणसांनी दोनदोनदा मागून घेतला म्हणाले, आणि एवढंच सांगून ते पाहुण्यांकडे परतले.

आनंदाने तुकडा दिव्यापाशी धरला. वरपासून खालपर्यंत एकच रंग होता. कुठे गडद नाही, कुठे ओला पट्टा नाही. त्याने बोटाने दाबून पाहिलं आणि मग तुकडा वेणूपुढे केला.

"बग. मऊ हाय?"

वेणूने अंगठ्याने हलकेच दाबलं. "हाय," ती म्हणाली. तिने आधी शकूला भरवला.

सोमवारी इब्राहीमभाईंनी त्याला मागच्या अंगणात बोलावलं.  "मी तुला काढत नाही, आनंदा. पण उद्या कुणाला कळलं तर माझा पाव कोण घेईल? मलाही पोरंबाळं आहेत. सरकारी दवाखान्यात आता गोळ्या देतात म्हणे, बरा होतो माणूस. तू गोळ्या घे. तू का गेलास ते माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही, खुदा गवाह."

आनंदाला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर वाटलं. त्याने एवढंच मागितलं की भट्टीवर नवीन येईल त्याला मी तयार करून जाईन. हात न लावता, लांबून.

नवीन आला तो महादेव, पेणकडचा. दांडगा, कामसू. आनंदाने दाराशी बसून त्याला गावं शिकवली. महादेवने ती तासाभरात पाठ केली आणि भट्टीत हात घालून धडाधड म्हणून दाखवली. बिस्किटं करपली. दुसऱ्या दिवशी इतकी सावकाश म्हणाला की पाव कच्चा राहिला आणि हात मात्र भाजला.

"तू कदी गेलास उरणला?" आनंदाने विचारलं.

महादेव नाही म्हणाला. त्याला त्या गावांची नुसती नावं होती. कुठलं गाव लांब, कुठलं जवळ, चिंचपाड्यानंतर पाय कसे जड होतात, जासई दिसली तरी येत कशी नाही, यातलं काही त्याला माहीत नव्हतं.

"मंग एकदा चालत जाऊन ये. पलायचं नाय, रेंगालायचं नाय."

महादेवच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आनंदा त्याला सोडायला पनवेलच्या कडेच्या गाढी नदीपर्यंत आला. वेणूने आईसाठी, सोनाबाईसाठी, कागदात नानकटाई बांधून दिली होती. करंज्याला कुणालाही विचार, घर सांगतील, म्हणाली होती. महादेव नदी ओलांडून पलीकडच्या वाटेला लागला. आनंदा उभा राहिला. उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता. महादेव करंजाड्याच्या झाडांआड गेला तेव्हा त्याने करंजाडे म्हटलं, आणि मग बऱ्याच वेळाने वडघर.

पुढचं गाव त्याने घेतलं नाही. तो वळला आणि दवाखान्याकडे निघाला. दवाखाना जवळच होता. त्या वाटेवर मोजायला एकही गाव नव्हतं.